‘हमखास वाघ’ छापता, मग गेटचं नाव पण छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

विषय: सुट्टीतल्या वाघ सफारीच्या जाहिराती

गेले काही आठवडे तुमच्या पेपरात आतल्या पानांवर टूरवाल्यांच्या जाहिराती सुरू झाल्यात. “हमखास व्याघ्रदर्शन”, “चार दिवस तीन जंगलं”, “कोअर सफारीसह”, आणि खाली डोळे फाडून वाचावं लागेल एवढ्या बारीक अक्षरात अटी लागू. माझं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, पण भिंतीवर जंगलातले दोन-चार फोटो लावलेत त्यामुळे लोक चादर बघता बघता सफारीची चौकशी करतात. पहिला प्रश्न ठरलेला, “वाघ दिसतंय का नाय नक्की?” दुसरा, “पर हेड किती पडतंय?” तिसरा प्रश्न कोण म्हणजे कोणच विचारत नाही, तो म्हणजे सफारी कुठल्या गेटने आहे. आणि सगळी मेख तिथंच आहे म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण जाहिरातीचा मुद्दा तेवढा ठेवा.

तसं सोलापूरकरांना वाघाचं एवढं वेड आधी नव्हतं. सुट्टी म्हटली की देवदर्शन, कोकण, फार तर म्हैसूर-उटी. मग डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातल्या ट्रॅप कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. पट्ट्यांवरून कळलं की तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा, म्हणजे गडी पाचशेएक किलोमीटर चालत आला, रस्ते, ऊस, तुरी, नद्या सगळं ओलांडत, आणि पुढं बार्शी तालुक्यात जनावरं मारल्याच्या बातम्या यायला लागल्या. आमचे पाहुणे आहेत त्या भागात, शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, ते लोक हातात बॅटरी आणि डबा वाजवत जायचे. पकडायला पथकं आली, तेव्हा काय तो हाताला लागला नाही. तर तिकडे ही भीती आणि इकडे शहरात लोक म्हणायला लागले की वाघ एवढा जवळ येऊन गेला आणि आपण एकदा पण बघितला नाही, चला ताडोबा. ठीक आहे, जावं, जायलाच पाहिजे. पण नीट ठरवून जावं.

आता ताडोबा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकच जंगल येतं, एक मोठं गेट, तिकीट काढलं की आत. तसं नाहीये ते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात ६२५ चौरस किलोमीटरचं कोअर, म्हणजे आतला गाभा आहे आणि त्याच्या भोवती साधारण ११०० चौरस किलोमीटरचं बफर, म्हणजे बाहेरचा पट्टा. कोअरला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी अशी गेटं, आणि बफरला आगरझरी, जुनोना, देवाडा, अलिझंझा, मदनापूर वगैरे बरीच. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा चिमूरच्या बाजूला. नकाशावर ही दोन्ही गेटं जवळ दिसतात पण मध्ये जंगल आहे, बाहेरून फिरून जायला दोन तास सहज जातात.

ओळखीतल्या एका घरातले लोक गेल्या उन्हाळ्यात एका टूरवाल्याकडून गेले होते. कोअर सफारी म्हणून पैसे घेतले होते आणि कोअरच दिली, खोटं नाही बोलला तो. फक्त हॉटेल मोहर्लीला आणि परमिट कोलाराचं. मग काय, पहाटे तीनला उठायचं, अंधारात गाडीत बसायचं, म्हातारी आई वाटेत उलट्या करून बेजार, आणि गेटवर पोचेपर्यंत बाकीच्या जिप्स्या, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्या, आत जाऊन त्यांची धूळ पण खाली बसलेली. चार तासांच्या सफारीतला पाऊण तास गेला तो गेला, पैसे काय कमी होत नाहीत. टूरवाल्याला फोन केला तर म्हणतो तुम्हीच म्हणालात ना कोअर पाहिजे.

म्हणजे कोअर भारी आणि बफर टाकाऊ असं मी म्हणत नाहीये. हा एक भ्रम या जाहिरातींनीच केलाय. वाघाला हद्दीचा दगड वाचता येत नाही, बफरमध्ये फार चांगली सायटिंग होतात, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं तेव्हा बफरचीच काही गेटं चालू असतात. पण बफर देणार असाल तर बफर म्हणून सांगा, बफरच्या दरात द्या. आणि जिप्सी पूर्ण की शेअर तेही सांगा. एका जिप्सीत सहा जण, वर गाईड आणि ड्रायव्हर. शेअरमध्ये कधी कधी पाच अनोळखी माणसं भेटतात, त्यातले दोघं हातभर लेन्स घेऊन आलेले असतात, त्यांना वाघाशिवाय काही नको आणि आपल्या पोराला सूचना करायची असते की तिकडे बघा ना काका मोर.

आता “चार दिवस तीन जंगलं” याचा हिशोब मांडतो. सोलापूरहून नागपूर सहाशे किलोमीटरच्या आसपास. ताडोब्याहून पेंच अर्धा दिवस, पेंचहून कान्हा आणखी अर्धा दिवस. चार दिवसातला बहुतेक वेळ डांबरावर, आणि प्रत्येक जंगलात पदरात काय पडतं तर एक सफारी. एक सफारी म्हणजे सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत नाहीतर दुपारी अडीच-तीनपासून सूर्य मावळेपर्यंत. एवढ्यात वाघ दिसेल का? दिसेल पण. नाही पण दिसणार. कोणी कितीही छातीठोकपणे सांगू दे, हे आधी कोणालाच माहीत नसतं. पण ज्याने एका जंगलात एकच सफारी घेतलीय त्याच्या डोक्यात त्या चार तासांचं मीटर फिरत असतं, आणि तिथून पुढचा सगळा घोळ सुरू होतो.

एक प्रसंग सांगतो. एप्रिलमधली दुपार, ताडोब्यात एका पाणवठ्यापाशी आम्ही जिप्सी लावून बसलो होतो, इंजिन बंद, गाईड शेजारच्याच गावातला पोरगा. चितळाचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागली की ते ओरडतं तो इशारा, सुरू झाला, मग वर झाडावर वानर खाकरल्यासारखं ओरडलं, परत चितळ. गाईडने बोट वर केलं, कोणी हलायचं नाही. शेजारी अजून एक जिप्सी होती, त्यातले गृहस्थ, बोलण्यावरून आपल्याच भागातले, ते काही बसेनात. “अरे घे की पुढं, इथं काय बसायलाय, आमची एकच सफारी हाय.” ड्रायव्हर बिचारा हळू आवाजात म्हणाला, “साहेब, वाघ आपल्या मर्जीनं येते, मी का बोलावून आणू का त्याले?” गृहस्थांनी खिशातून पाचशेची नोट काढून पुढच्या सीटवर ठेवली. जिप्सी चालू झाली, धुरळा उडवत गेली, कॉल थांबला. आम्हाला पण तिथं वाघ काही दिसला नाही, नंतर दोन मुंगसं आली आणि मोर पाणी पिऊन गेले. ती नोट घेणाऱ्या पोराचा मला राग नाही आला खरं सांगायचं तर. त्याचा सीझन नऊ महिन्यांचा. पण नोट का निघाली तर एकच सफारी होती म्हणून, आणि एकच का होती तर टूर तसा ठरवला होता म्हणून. तो गोंधळ पाणवठ्यावर नाही झाला, तो सोलापुरात बुकिंग करतानाच झालेला होता.

याचं मोठं रूप सगळ्या महाराष्ट्राने बघितलंय. ३१ डिसेंबर २०२४, उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य, गोठणगाव गेट. एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि पुढून जिप्स्या मागून जिप्स्या, आपल्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यापाशी रेटारेटी असते तशी. वाघिणीला पिल्लं घेऊन जायला वाट नाही. व्हिडिओ व्हायरल झाला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाईडवर निलंबनाची कारवाई झाली. बरोबरच झाली. पण थर्टी फर्स्टला तिथं पोचलेले जे लोक जिप्सीत उभे राहून “अजून जवळ, अजून जवळ” म्हणत असतील ते घरी येऊन स्टेटस ठेवून मोकळे.

बरं काही जाहिरातीत हल्ली वाघांचे आकडे पण टाकतात, अमुक जंगलात इतके वाघ, म्हणजे जास्त आकडा तिथं जास्त चान्स असं वाचणाऱ्याला वाटावं. हे पण फसवं आहे. २००६ च्या गणनेत देशात १४११ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ३६८२ झाले, त्यात मध्य प्रदेश ७८५ आणि आपला महाराष्ट्र ४४४, ही आनंदाची गोष्ट आहेच. त्या गणनेत सगळ्यात जास्त वाघ कॉर्बेटला, २६०. ताडोब्याला ९७. म्हणून कॉर्बेटला ताडोब्याच्या अडीचपट दिसतात का? अजिबात नाही. तिथं साल वृक्षांचं दाट जंगल, उंच गवत, डोंगर. ताडोब्याचं जंगल कोरडं, साग-बांबूचं, उन्हाळ्यात पानं गळून मोकळं होतं, पाणी ठराविक ठिकाणी उरतं आणि तिथले वाघ लहानपणापासून जिप्स्या बघत मोठे झालेले, त्यामुळे ते रस्त्यावरून आपल्या शेजारून बिनधास्त चालत जातात. आपलं मेळघाट घ्या, १९७३ ला प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पातलं, एवढं मोठं, पण डोंगराळ, तिथं वाघ दिसला तर नशीब समजायचं. आणि दुसरं म्हणजे २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने आधी कोअरमधलं पर्यटन थांबवलं आणि मग नियमावली आल्यावर परत सुरू करू दिलं, त्या नियमावलीप्रमाणे कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच टुरिस्टला फिरवता येतं. म्हणजे आकडा काही पण असू दे, आपण बघणार पाचातला एक भाग.

मग करायचं काय. माझं सरळ म्हणणं आहे की एकच जंगल निवडा आणि तिथं तीन-चार सफाऱ्या घ्या, कमीत कमी तीन, एक-दोन सकाळच्या एक-दोन दुपारच्या, जमलं तर दोन वेगळ्या गेटनी पण मुक्कामाच्या जवळच्या. पहिल्या सफारीत वाघ नाही दिसला तर माणूस चिडत नाही, अजून आहेत म्हणतो, आणि मग त्याला गवा दिसतो, अस्वल दिसतं, रानकुत्री दिसतात, घुबड दिसतं, गाईड काय सांगतोय ते कानात शिरतं. पैसे जास्त लागत नाहीत, तीन जंगलांचा डिझेलचा खर्च वाचतो त्यात एक जास्तीची सफारी निघते.

आणि क्रम बदला. आपण काय करतो, आधी रजा, मग गाडी, मग हॉटेल बुक करतो आणि शेवटी सफारीचं बघतो, तोवर सुट्टीतल्या शनिवार-रविवारची परमिटं संपलेली असतात आणि मग दलालाच्या हातापाया पडायला लागतं. आधी परमिट. सरकारी साईटवर स्वतः काढता येतं, ताडोब्याची वेगळी साईट आहे, मध्य प्रदेशच्या कान्हा-पेंच-बांधवगडसाठी त्यांच्या सरकारचं पोर्टल आहे. परमिट ज्या गेटचं मिळालं त्या गेटजवळ मुक्काम, आणि सगळ्यात शेवटी गाडीचं. ताडोबा मंगळवारी बंद, मध्य प्रदेशात बुधवारी दुपारची सफारी नसते, हे न बघता लोक रजा टाकतात आणि मग मंगळवारी हॉटेलात पत्ते खेळत बसतात. शनिवार-रविवारी दर पण जास्त असतात, दुकानदार माणसाला तर मधले वार परवडतात उलट. परमिटवर नाव टाकताना ओळखपत्रावर जसं आहे तसंच टाका, तेच ओळखपत्र ओरिजिनल बरोबर पाहिजे. घरातल्या नावाने बुकिंग केलेले एक काका गेटवर “अहो सगळी पेठ मला बापू म्हणून ओळखती” असं त्या फॉरेस्टवाल्याला समजावत होते, तो आपला शांतपणे आधार कार्ड उलटंपालटं करून बघत होता.

जायचं कसं, हा आपल्याकडचा खास प्रश्न. सोलापूरहून तिकडे रेल्वेने जायचं तर जोडाजोड करावी लागते. स्वतःची गाडी असेल तर तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा नागपूरचा हायवे आता चांगला झालाय, चंद्रपूरला जायचं तर यवतमाळहून वणीमार्गे वळायचं. पण एका दमात नेऊ नका, नांदेड किंवा यवतमाळला मुक्काम करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे जिप्सीत सगळे पेंगत असतात आणि वाघ दिसला तरी त्यांना उठवावं लागतं. ज्यांचे सोयरे तेलंगणात आहेत, आणि आपल्या शहराच्या पूर्व भागात तर घरोघरी आहेत, त्यांनी सिकंदराबादला एक मुक्काम करून तिथून काझीपेठमार्गे बल्लारशा-चंद्रपूर धरावं, रेल्वेने हा रस्ता सोपा आहे पण सोलापुरात कोणी सुचवत नाही.

मे महिना की थंडी यावर आमच्या घरी पण भांडण होतं. मार्च ते मे वाघ दिसायचा चान्स जास्त हे खरं, पाणवठे आटतात, जिथं पाणी उरलंय तिथं वाघ येऊन बुडवून बसतो मागचा भाग. सोलापूरकराला उन्हाचं काय सांगणार, पण चंद्रपूरचं ऊन आपल्यापेक्षा वरचढ आहे आणि जिप्सीला टप नसतो, लहान पोरं आणि वयस्कर माणसं असतील तर मे मधली दुपारची सफारी नकोच, सकाळच्या घ्या. थंडीत उलटं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जिप्सीत जो वारा लागतो त्याची कल्पना इथं बसून येत नाही, कानटोपी, हातमोजे आणि अंगावर आपली सोलापुरी चादर. दुकान आहे म्हणून सांगत नाहीये, खरंच, पातळ जॅकेट घालून आलेली मुंबईची मंडळी आमच्या चादरीत हात घालून बसली होती. भडक कपडे नकोत, अत्तर-सेंट नको, जिप्सीतून खाली उतरता येत नाही त्यामुळे बाथरूमचं आधीच उरकून घ्यायचं, वयस्कर माणसांना हे आधी स्पष्ट सांगा, लाजू नका. कंबरेचं दुखणं असेल तर मागच्या सीटवर बसवू नका, तिथं सगळ्यात जास्त आदळतं. कोअरमध्ये मोबाईल वापरता येत नाही, नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्याच व्याघ्र प्रकल्पांना तसं सांगितलंय, आणि रात्रीचं पर्यटन पण बंद करायला सांगितलंय, तरी जाहिरातीत “नाईट सफारी फ्री” दिसलं तर त्याला एकदा विचारा की बाबा कुठली.

विदर्भच पाहिजे असं पण नाही. आपल्याला कर्नाटक जास्त सोयीचं. पंढरपूर-म्हैसूर गोलगुंबज एक्स्प्रेस सोलापूरवरून जाते, रात्र काढली की म्हैसूर जवळ, तिथून बंडीपूर आणि नागरहोळेचा कबिनीचा भाग दोन-अडीच तासांवर. २०२२ च्या गणनेत बंडीपूरला १५० आणि नागरहोळेला १४१ वाघ, आणि वाघ नाही दिसला तरी हत्ती, गवे, बिबटे यांनी दिवस भरून जातो. जंगल हिरवंगार, ताडोब्यापेक्षा फार वेगळं. पण जायच्या आधी चौकशी करा, कारण आजूबाजूच्या गावात वाघाने माणसं मारली म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने दोन्हीकडची सफारी थांबवली होती. रणथंबोर लांब पडतं, तिथं जिप्सीबरोबर वीस सीटचं कँटर पण असतं, बजेटला बरं पण आवाज फार. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, म्हणजे चांदोली-कोयना, जवळ आहे म्हणून काही जण विचारतात. तिथं आता कुठं ताडोब्याकडच्या वाघिणी नेऊन सोडायला सुरुवात झालीय, त्यांना जरा निवांत राहू द्या, वाघ बघायला म्हणून तिकडे जाऊ नका.

एक गोष्ट मात्र जाहिरातीत कधीच नसते. आपला सुट्टीचा मे महिना हाच तिकडच्या लोकांचा तेंदूपत्त्याचा सीझन. आपण पैसे भरून, गाईड-ड्रायव्हर घेऊन, जिप्सीत बसून जातो आणि त्याच जिल्ह्यातल्या बायका पहाटे पायी जंगलात जाऊन वाकून पानं तोडत असतात. १० मे २०२५ ला चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याच दिवशी ताडोब्यात किती जिप्स्या फिरत असतील आणि किती लोकांनी वाघ दिसला म्हणून टाळ्या वाजवल्या असतील. मी कोणाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही, आम्ही पण मे मध्ये जातो. पण तिथल्या चहाच्या टपरीवर बसून “आम्हाला वाघच दिसला नाही हो” म्हणून रडगाणं गाताना जरा समोरच्याचं तोंड बघा, त्याला दिसलेला पुरे झालेला असतो. राहायचं तर गावातल्या माणसाच्या होमस्टेला रहा, जेवण साधं पण वरण-भात आणि रानातल्या भाज्या अशा की हॉटेलातलं पनीर विसराल. टीप द्यायची तर सफारी संपल्यावर द्या, वाघ दिसला तरी आणि नाही दिसला तरी तेवढीच.

पोरं लहान असतील तर मी म्हणतो एवढ्या लांब कशाला. नान्नजला न्या. १९७९ चं माळढोक अभयारण्य आपल्या दारात आहे, माळढोक दिसायचे दिवस जवळपास गेले म्हणा, तो वेगळाच दुःखाचा विषय, पण काळवीटांचे कळप, खोकड, नशीब असेल तर लांडगा. आणि हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी. तिथं पोरगं दोन तास न बोलता बसलं तर समजा ताडोब्याला न्यायला तयार आहे, नाही बसलं तर अजून दोन वर्षं थांबा, पैसे वाचतील.

तर संपादक साहेब, माझी मागणी छोटी आहे. जाहिराती बंद करा असं म्हणत नाही, पेपर जाहिरातीवर चालतो हे कळतं मला, मी पण दिवाळीला तुमच्याकडे जाहिरात देतो. पण वाघ सफारीची जाहिरात घेताना टूरवाल्याला चार गोष्टी छापायला लावा: जंगलाचं आणि गेटचं नाव, कोअर की बफर, एकूण सफाऱ्या किती, आणि जिप्सी पूर्ण की शेअर. मुक्काम त्या गेटपासून किती किलोमीटरवर हे पाचवं, जागा उरली तर. आणि “हमखास”, “गॅरंटी” हे शब्द काढून टाकायला सांगा, कारण ते वाचून गेलेलाच माणूस पाणवठ्यावर पाचशेची नोट काढतो. ही माहिती जो देणार नाही त्याच्याकडे परमिटच नसतं, सुट्टी तोंडावर आली की तो ते दलालाकडून उचलणार असतो. तुमच्या जाहिरात विभागाला हे विचारायला एक फोन लागेल. या रविवारच्या पानापासूनच सुरू करता आलं तर बघा, एप्रिल-मे ची बुकिंग आत्ताच चालू आहेत.

आपला,
एक जुना वाचक,
जुळे सोलापूर